‘आज घरात काहीच नाही’

संध्याकाळी सातच्या सुमाराला हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय, तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. दार उघडता उघडताच सांगतात. सांगणारीच्या खांद्यावरून ऑफिसची बॅगही उतरलेली नसते. ‘मावशी, आज घरात काहीच नाही हो. बघा काय जमतंय ते.’ मी हातपाय धुते, पदर खोचते आणि ओट्याखालची ट्रॉली ओढते. तिथं तूरडाळ असते, मूगडाळ असते, अर्ध्याहून जास्त भरलेला बेसनाचा डबा असतो, शेंगदाणे असतात, गावाहून कुणीतरी दिलेली हुलग्याच्या पिठाची पिशवी गाठ न सोडता तशीच पडलेली असते. टोपलीत कांदे-बटाटे, लसणाचे दोन गड्डे. फ्रिजमध्ये भाजी तेवढी नसते, आणि भाजी नाही म्हटलं की बाईचा धीर सुटतो.

कोथरूड-कर्वेनगरच्या घरांतून मी कैक वर्षं स्वयंपाक करते. सकाळचं काम डब्याचं. पोळ्या, सुकी भाजी, एखादी कोशिंबीर. काय करायचं ते आदल्या रात्री ठरलेलं असतं, भाजी निवडून ठेवलेली असते. संध्याकाळचं तसं नसतं. माणसं दमलेली असतात, कोण कधी येणार याचा पत्ता नसतो, मुलं भुकेजलेली असतात आणि एका घरात मला तासाभराच्या वर थांबता येत नाही. माझा खरा कस लागतो तो या तासात, आणि मनापासून आवडतं तेही हेच काम. समोर ताजी मेथी असली की काय करायचं ते कुणालाही सुचतं. डब्यांत काय आहे, किती आहे आणि अर्ध्या तासात त्याचं काय होईल, हे एका नजरेत कळायला मात्र हात त्यात मुरावा लागतो.

माझा हात मुरला तो माहेरी. सातारा जिल्ह्यात माण तालुका, पर्जन्यछायेतला. तिकडे महाबळेश्वरला पाऊस कोसळत असायचा आणि आमच्याकडे ढग नुसते वरून जायचे. विहिरीला पाणी असेल त्याच्याच रानात भाजीपाला. बाकीच्या घरांत वर्षाचा बहुतेक काळ कालवण व्हायचं ते कडधान्याचं. मटकी, हुलगे, चवळी, तूर. घराच्या कोपऱ्यात उतरंड रचलेली असायची, एकावर एक मडकी, खाली मोठी, वर लहान. प्रत्येकात काय आहे ते आईला अंधारातही कळायचं. 1972 चा दुष्काळ तिनं सासरी आल्या आल्या पाहिला. दुष्काळी कामावर खडी फोडली, तिथं मिळणारी सुकडी खाल्ली, रेशनवरच्या मिलोच्या भाकरी थापल्या. त्यानंतर तिनं उतरंड कधी रिकामी होऊ दिली नाही. सुगीत दुसऱ्या कशाला पैसे नसले तरी मडकी आधी भरायची. उन्हं तापली की मटकीचे सांडगे, पापड, कुरडया. आईचा रात्रीचा स्वयंपाक चैत्र-वैशाखातच अर्धा झालेला असायचा. पुढे पावसाळ्यात दिवसभर भांगलण करून घरी आली तरी सांडगे तेलावर परतून, जाडसर कुटून, कांद्याच्या फोडणीत घालून पाणी ओतेपर्यंत दुसऱ्या चुलीवर भाकरी फुगलेली असायची.

शहरात उतरंड नाही, अंगण नाही, गच्चीवर वाळवण घालायला सोसायटीची परवानगी लागते. पण डबे आहेत. म्हणून मी अजूनही आईसारखीच सुरुवात करते. आधी उरलंसुरलं बघते. दुपारचा भात, सकाळच्या पोळ्या, वाटीभर वरण असलं, तर पहिला मान त्यांचा. पोळ्यांचा कुस्करा करून कांदा, हिरवी मिरची आणि शेंगदाण्यांच्या फोडणीत परतला की मुलांचं जेवण झालं. भात असेल तर फोडणीचा भात, पण तो दुपारी गार झाल्याबरोबर फ्रिजमध्ये गेलेला असला तरच. ओट्यावर दिवसभर राहिलेला भात मी कुणाच्याही पानात वाढत नाही, मग घरातलं कुणी काही म्हणो.

मग घड्याळ बघते. छोले, राजमा, वाटाणे यांचा विचार संध्याकाळी सात वाजता करण्यात अर्थ नसतो. मूगडाळ आणि मसूरडाळ भिजत घालावी लागत नाही, बेसनाचं तर काहीच मागणं नाही. अख्खा मसूरही न भिजवता कुकरमध्ये शिजतो. कराड-इस्लामपूरकडच्या ढाब्यांनी तो साऱ्या महाराष्ट्राला खायला लावला. आमच्या बाजूची माणसं तो आधीपासून खात होती. भरपूर कांदा, लसूण, कांदा-लसूण चटणी, शेवटी कोथिंबीर. सोबत गरम भाकरी. ज्या घरांत मसूर म्हणजे गरिबाची डाळ अशी समजूत होती, तिथंही आता तो आठवड्यातून एकदा होतो.

तिसरी गोष्ट बघते ती आंबट. यावर माझं मत ठाम आहे. तिखट-मीठ सगळ्यांच्याच घरात असतं, आंबटाकडे मात्र लक्ष नसतं. डाळी-पिठाचं जेवण मिळमिळीत लागतं, ‘रोज काय तेच’ असं वाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. चिंच, आमसूल, ताक, लिंबू, उन्हाळ्यात कैरीची फोड, यांतलं एक काहीतरी हवंच. नव्या घरी काम धरलं की पहिल्या दिवशी मी हिंगाची डबी उघडून वास घेते आणि आमसुलं आहेत का ते विचारते. रातांब्याच्या साली त्यांच्याच रसात मीठ घालून बुडवायच्या, वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, असं करत कोकणातल्या बायका आमसुलं करतात. एवढ्या मेहनतीनं केलेली ती वस्तू डब्यात वर्षभर टिकते. आमटीला चार-पाच पुरतात. फक्त घालायची ती डाळ पुरती शिजल्यावर. डाळ कच्ची असताना आंबट पडलं की ती लवकर मऊ होत नाही, कितीही उकळा.

एका घरी सातवीतली मुलगी आहे. मी आले की अभ्यासाची वही घेऊन ओट्याशी येते, वही मिटलेलीच राहते आणि ती माझे हात बघत बसते. एकदा पिठलं टाकत होते तर म्हणाली, ‘मावशी, आईच्या पिठल्यात गुठळ्या होतात, तुमच्यात का नाही होत?’ मी तिला चमच्यावर चिमूटभर कोरडं बेसन घ्यायला लावलं आणि उकळत्या पाण्यात टाकायला सांगितलं. लगेच गोळी झाली. ती बाहेर काढून फोडून दाखवली. वरून शिजलेली, चिकट, आतमध्ये पीठ कोरडंच्या कोरडं. ‘गरम पाण्यात पडल्या पडल्या बाहेरचं पीठ शिजतं आणि आतल्या पिठापर्यंत पाणी जाऊच देत नाही. म्हणून आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं.’

मग तिच्याकडूनच करवून घेतलं. वाटीभर बेसन, त्यात दीड वाटी गार पाणी, थोडं थोडं घालत, बोटांनी चेपत. कढईत तेल सढळ हातानं, पिठल्याला तेलाची कंजुषी चालत नाही. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, हिरव्या मिरच्या, बारीक चिरलेला कांदा. कांदा नरम झाला की हळद, आणि वर दोन वाट्या पाणी, मीठ. पाणी खळखळलं की कालवलेलं पीठ एका हातानं धारेनं सोडायचं आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. इथवर कुणालाही जमतं. पुढचं मात्र घाईत राहून जातं. पिठलं घट्ट झालं म्हणजे शिजलं असं समजून लोक गॅस बंद करतात. मी तिला झाकण काढून वास घ्यायला लावला. कच्च्या पिठाचा वास अजून येत होता. आच मंद करून झाकण ठेवलं, मधूनमधून हलवलं. हळूहळू बुडबुडे जड झाले, फट् फट् वाजायला लागले, कडेनं तेल सुटलं आणि वास पालटला. ‘आता कळलं,’ ती म्हणाली. भाताबरोबर खायचं म्हणून आम्ही थोडं सैल ठेवलं, भाकरी असती तर अजून आटवलं असतं. त्या रात्री तिच्या आईनं पानात पिठलं-भात, वर तुपाची धार, भाजलेला पापड आणि हातानं फोडलेला कांदा, एवढंच वाढून घेतलं आणि पुन्हा पुन्हा घेतलं.

आमच्या माणकडे पिठल्यापेक्षा झुणका जास्त. तो पीठ पेरून करतात आणि त्यातल्या बारीक गुठळ्या सगळ्यांना हव्या असतात. कोकणातल्या घरी कुळथाचं पिठलं असतं, पातळ, काळसर, आमसूल घातलेलं. त्याच कुळथाच्या, म्हणजे आमच्या हुलग्याच्या, पिठाचे नगर-पुण्याकडे शेंगोळे वळतात. तिखट-मीठ-लसूण घालून मळलेलं पीठ हातावर लांबट वळायचं, फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचं, आणि जो रस्सा होतो तो थंडीच्या दिवसांत प्यायचा. गाठ न सोडलेल्या त्या पिशवीचे मी शेंगोळेच केले होते.

पण पावसाळ्यातल्या संध्याकाळी मला कुणी मोकळा हात दिला तर मी चकोल्या करते. काही घरांत वरणफळं म्हणतात. कुकरला तूरडाळ लावायची. ती होईपर्यंत कणीक घट्ट मळायची, त्यात हळद, तिखट, ओवा, मीठ आणि तेलाचं मोहन. डाळ घोटून चांगली पातळ आमटी करायची, गोडा मसाला, आमसूल, गुळाचा खडा घालून. आमटी पातळच हवी, कारण फळं पाणी ओढून घेतात. पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखी कापायची आणि आमटी खळखळ उकळत असताना एकेक तुकडा सोडायचा. उकळी मंद असली की तुकडे एकमेकांना चिकटतात. दहा-बारा मिनिटांत फळं शिजतात. वर तूप. एका पातेल्यात पोळी, वरण, सगळं आलं. जेवणारे चार असोत की सात, पाणी आणि कणीक वाढवली की भागतं. धुवायला भांडी थोडी पडतात, ही गोष्टही लहान नाही. रात्री साडेनऊला भांड्यांचा ढीग बघून जिचं अवसान गळतं तिला विचारा.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सोसायट्यांनी कामवाल्या बायांना आत घेणं बंद केलं. दोनतीन घरांनी पगार चालू ठेवले, त्यांचे उपकार मी विसरत नाही. घरात बसून होते, पण संध्याकाळी सात वाजले की फोन वाजायला लागायचा. भाजी मिळेल की नाही याची कुणालाच खात्री नव्हती. बाहेरून मागवायची सोय नव्हती. आणि जिथं मी स्वयंपाक करत आले त्या प्रत्येक घरातलं फडताळ मला पाठ होतं. कुठल्या कप्प्यात रवा, कुठं पोहे, कुणाच्या घरी चिंच संपत आलीय, कुणाच्या फ्रिजमागे मेतकुटाची बरणी विसरलीय, सगळं.

एका घरी आजी-आजोबा दोघंच. मुलगा परदेशी. टाळेबंदीच्या आधी आठवडाभर आजी बाथरूममध्ये पडल्या, उजवं मनगट प्लास्टरमध्ये. आजोबा रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, वय ऐंशीच्या पुढे, आणि उभ्या आयुष्यात चहापलीकडे गॅसपाशी गेलेले नाहीत. त्यांचा फोन आला. ‘अहो बाई, मला खिचडी सांगा.’

मी म्हटलं, ‘आजोबा, खालच्या ट्रॉलीत डावीकडून दुसरा डबा काढा. पिवळी, बारीक, ती मूगडाळ. त्याच्या मागे तांदूळ.’

‘सापडली. प्रमाण सांगा.’

‘तांदूळ दोन भाग, डाळ एक भाग. दोन्ही मिळून एक वाटी होऊ द्या. पाणी चार वाट्या. आजींना मऊ लागते.’

हळद, हिंग, मीठ, चमचाभर तूप, जिऱ्याची फोडणी, सगळं त्यांनी विचारून विचारून लिहून घेतलं. शिट्ट्या किती म्हणून विचारलं, चार म्हटल्यावर आच केवढी ते विचारलं. कुकरची वाफ आपोआप बसेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, हे मी त्यांना दोनदा बजावलं. तेव्हा हसून म्हणाले, ‘दाब वाढला की पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून तर डाळ इतकी लवकर शिजते. मी शिकवलंय हे मुलांना. केलं मात्र आज.’ तासाभरानं पुन्हा फोन. या खेपेला आजी बोलल्या. ‘अगं, छान झालीय. मीठ जरा कमी आहे, पण यांना सांगू नकोस.’

पुढे रोज एक पदार्थ. मऊभात-मेतकूट, मसूरडाळीची आमटी, उपमा, ताकातलं पिठलं, बटाट्याचा रस्सा. आजोबांनी प्रत्येकाचा कागद करून फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. आपण नीट खातोय ना, सारखं डाळ-भात खाऊन चालेल ना, अशी शंका आजींना यायची. त्यावर त्यांनीच मला समजावलं की तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचा एक घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जो कमी असतो तो तांदूळ भरून काढतो. म्हणून दोन्ही एकत्र खाल्लं की शरीराचं भागतं. शेकडो वर्षं खिचडी टिकली ती उगाच नाही, हे ऐकून मला फार बरं वाटलं. टाळेबंदी उठून मी पुन्हा कामाला गेले तरी गुरुवारची खिचडी आजोबांनी स्वतःकडेच ठेवली. आजही ती तेच करतात. मी त्या दिवशी फक्त कोशिंबीर करते.

मग काही घरांत माणसं डबे भरायला लागली. भरणं सोपं आहे, सांभाळण्यात खरं काम आहे. नवं बेसन आणलं की लोक जुन्यावरच ओततात. मग तळातलं पीठ महिनोन्महिने तळातच राहतं, खवट होतं आणि एक दिवस सगळा डबा टाकायची वेळ येते. डबा रिकामा करून पुसायचा, नवं खाली, जुनं वर. दाण्याचा कूट आठवड्यापुरताच करावा, त्याला तेल सुटून वास फार लवकर येतो. पाऊस सुरू होण्याआधी रवा आणि दलिया कोरडा भाजून ठेवावा, म्हणजे किडा-जाळी लागत नाही. तूरडाळ वर्षाची घेतली तर एरंडेल चोळून ठेवायची जुनी पद्धत आहे, करताना चांगली धुवायची. ज्वारीचं पीठ मात्र साठवू नये. दळून फार दिवस झाले की पिठाची विरी जाते, भाकरी थापतानाच चिरते. उकळत्या पाण्याची उकड घेऊन वेळ मारून नेता येते, पण त्या भाकरीला ताज्या दळणाची गोडी नाही.

आणि जे खाल्लं जात नाही ते आणू नये. पाच प्रकारचे परदेशी मसाले, एकदा करून सोडलेला किनवा, कुणीतरी सांगितलं म्हणून आणलेलं कसलंसं बी, यांनी फडताळ भरलेलं दिसतं आणि वेळेला हिंग सापडत नाही. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं 1970 पासून घराघरांत वाटी-चमच्याची मापं रुजवली. त्या पुस्तकाच्या जुन्या, हळद लागलेल्या प्रती मी कितीतरी ओट्यांवर पाहिल्या आहेत. त्यातले रोजचे पदार्थ काढून बघा, वाण्याच्या दुकानात मिळत नाही असं त्यात फारसं काही लागत नाही.

मला एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं. अजूनही पुष्कळ घरांत रात्रीच्या पानात चार पदार्थ नसले की बाईला आपण कमी पडलो असं वाटतं. दिवसभर नोकरी करून आलेली असते, तरी पिठलं-भात केलं तर नवऱ्याला, सासऱ्यांना सांगताना तिचा आवाज उतरतो. मग ती अवघडून मोबाइल काढते, बाहेरून काहीतरी मागवते, आणि ते तेलकट, गार झालेलं जेवण सगळे मुकाट्यानं जेवतात. हे मला पटत नाही. पुरणावरणाचा, चारी ठाव स्वयंपाक सणावाराला करावा, रविवारी करावा, मी स्वतः हौसेनं करते. रोजच्या रात्री एकच पदार्थ, पण नीट शिजवलेला, गरम, आंबट-तिखट जुळलेला, आणि सोबत कांदा, पापड, लोणचं. त्यात कुणाचाही अपमान नाही. आजारी माणूस, परीक्षेचं पोर, रात्रपाळीहून आलेला बाप, सगळ्यांना हेच जेवण पचतं आणि हेच पुन्हा मागतात. इतक्या घरांत इतकी पानं वाढल्यावर मी हे खात्रीनं सांगते.

म्हणून घरोघरच्या आयाबापांना माझं एकच सांगणं आहे. मुलगी असो की मुलगा, दहावीची परीक्षा झाली की त्याला तीन गोष्टी शिकवा: खिचडी, पिठलं आणि तूरडाळीची आमटी. पुढे शिकायला पुण्यात येवो, बंगळुरूला जावो की परदेशी, तूरडाळ, तांदूळ, बेसन आणि हिंग कुठंही मिळतं. शिकवायला मे महिन्याची सुट्टी पुरते.